मोजलेला प्रवाह आणि मानलेला प्रवाह

मार्च २०२५ मध्ये देशी बनावटीच्या एमआरआय यंत्राची बातमी देशभर झळकली. 'सॅमीर' ही केंद्र सरकारची संशोधनसंस्था आणि दिल्लीचे एम्स यांच्यात करार झाला आणि १.५ टेस्ला क्षमतेचे यंत्र चाचण्यांसाठी एम्समध्ये बसवण्याचे ठरले. आयात यंत्रांवरचे अवलंबित्व कमी होईल, तपासणी स्वस्त होईल, ही आशा रास्तच आहे. पण अशा बातम्यांवरची चर्चा बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरते: चित्र किती स्पष्ट येईल आणि त्याला खर्च किती येईल. यंत्र चित्र काढते त्याप्रमाणे मोजमापही करू शकते, आणि वैद्यकातील काही निर्णयांना चित्रापेक्षा मोजमापाची गरज अधिक असते, हा मुद्दा मागे पडतो.

फुप्फुसातून दर मिनिटाला किती लिटर रक्त वाहते, हे असेच एक मोजमाप आहे. जन्मजात हृदयदोष असलेल्या अनेक मुलांवर शस्त्रक्रिया करावी की करू नये, याचा निर्णय या एका राशीशी बांधलेला असतो. आणि पुष्कळदा ती राशी मोजलेली नसते. तिचा एक महत्त्वाचा घटक तक्त्यावरून मानून घेतलेला असतो. भारतासारख्या देशाने ही स्थिती यापुढे चालू देऊ नये.

प्रश्न समजून घेण्यासाठी शाळेतला ओमचा नियम पुरेसा आहे. विद्युतदाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. रक्ताभिसरणातही हेच नाते लागू पडते. हृदयाच्या उजव्या बाजूने निघालेले सगळेच्या सगळे रक्त फुप्फुसांतून जाते. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसात ते मिनिटाला सुमारे ५ लिटर असते. उरलेल्या शरीरात एवढेच रक्त ढकलण्यासाठी सरासरी ९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास दाब लागतो. फुप्फुसधमनीत मात्र साधारण १४ मिलिमीटर पुरतो. फुप्फुसांतून रक्त हृदयाच्या डाव्या कप्प्यात पोचते, तेथील दाब ८ च्या आसपास. म्हणजे ६ मिलिमीटरचा फरक ५ लिटर रक्त वाहून नेतो. ६ भागिले ५, म्हणजे १.२. हा झाला निरोगी फुप्फुसाचा रोध.

या रोधाच्या एककाला 'वुड एकक' म्हणतात. ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते ब्रिटिश हृदयतज्ज्ञ पॉल वुड यांचा जन्म १९०७ साली निलगिरीतील कुन्नूरचा. हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसातील वाहिन्या कालांतराने कठीण होत जातात आणि शेवटी रक्ताची दिशाच उलटते, या विकारावरची त्यांची १९५८ सालची व्याख्याने आजही अभ्यासली जातात. 'आयझेनमेंगर सिंड्रोम' हे नाव त्यांनीच रूढ केले.

आता छिद्र असलेल्या एखाद्या मुलाचा विचार करावा. त्याच्या फुप्फुसधमनीतला दाब बराच वाढलेला आहे. या वाढीची कारणे दोन असू शकतात. एक, वाहिन्या अजून चांगल्या आहेत, पण छिद्रातून भलतेच जास्त रक्त फुप्फुसाकडे लोटले जात आहे. दोन, वाहिन्यांच्या भिंती जाड होऊन मार्गच अरुंद झाला आहे. पहिल्या मुलाचे छिद्र बंद केले की जादा प्रवाह थांबतो, दाब उतरतो आणि मूल इतर मुलांसारखे वाढू लागते. दुसऱ्या मुलाचे छिद्र बंद केले, तर अरुंद मार्गाविरुद्ध झुंजणाऱ्या उजव्या कप्प्याची एकमेव पळवाट बंद होते, आणि शस्त्रक्रिया न केलेल्या मुलापेक्षाही त्याची प्रकृती लवकर ढासळू शकते. दोघांचा दाब एकच असू शकतो. फरक कळतो तो रोधावरून. आणि रोध काढायचा तर भागाकाराच्या खाली प्रवाह लागतो.

तो प्रवाह काढण्याची रीत जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडॉल्फ फिक यांनी १८७० साली व्यूर्त्सबुर्ग येथे मांडली. विसरणाच्या नियमामुळे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव परिचित आहे. त्यांचा युक्तिवाद वाण्याच्या वहीतल्या हिशेबाइतका सरळ आहे. फुप्फुसात शिरणाऱ्या प्रत्येक लिटर रक्तात समजा १५० मिलिलिटर ऑक्सिजन आहे आणि बाहेर पडणाऱ्या लिटरमध्ये २००. म्हणजे प्रत्येक लिटरने ५० मिलिलिटर उचलले. माणसाने मिनिटभरात हवेतून एकूण २५० मिलिलिटर ऑक्सिजन घेतला असेल, तर त्या मिनिटात ५ लिटर रक्त फुप्फुसातून गेले असलेच पाहिजे. वस्तुमानाच्या अक्षय्यतेपलीकडे या हिशेबाला कोणताही आधार लागत नाही.

फिक यांची अडचण एकच होती. फुप्फुसात शिरणारे रक्त मिळवायचे तर जिवंत माणसाच्या हृदयापर्यंत पोचावे लागते. ती वाट १९२९ साली वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने उघडली. त्याने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरण चित्र काढून घेतले. पुढे न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी या धाडसाला शिस्तबद्ध मापनपद्धतीचे रूप दिले. १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळून देण्यात आले.

यानंतरची कथा थोडी विचित्र आहे. फिक यांना जे अशक्य होते, म्हणजे फुप्फुसधमनीतले रक्त काढणे, ते आज कोणत्याही कॅथ लॅबमध्ये रोज होते. उलट त्यांच्या काळी जे शक्य होते, तेच आज टाळले जाते. श्वासातील वायूंचा हिशेब ठेवण्यासाठी माणूस आत राहू शकेल एवढा कक्ष म्युनिकमध्ये पेटनकोफर यांनी १८६० च्या दशकातच उभारला होता. आज मात्र मुलाने मिनिटाला किती ऑक्सिजन घेतला हे प्रत्यक्ष मोजण्याऐवजी तक्त्यातला किंवा सूत्रातला आकडा वापरण्याची प्रथा जगभर रूढ आहे. भारतही तिला अपवाद नाही.

ही सूत्रे आली कोठून? मुलांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र लाफार्ज आणि मिएटिनेन यांचे. ते १९७० साली प्रसिद्ध झाले. त्याचा आधार अमेरिकेतील रुग्णांची मोजमापे. वय, लिंग आणि हृदयाचे ठोके एवढ्यावरून ते शरीराच्या दर चौरस मीटरमागे ऑक्सिजनचे प्रमाण सांगते. ते ज्या रुग्णांवरून बांधले गेले ते तीन वर्षांवरचे होते. प्रत्यक्षात मोठ्या छिद्राच्या बाबतीत कळीचा निर्णय पुष्कळदा त्याहून लहान बाळांबाबत घ्यावा लागतो. शिवाय ज्वर, भुलेची खोली, कुपोषण, थायरॉइडचे विकार यांमुळे ऑक्सिजनचा खप बदलतो. सूत्राला यातले काहीच ठाऊक नसते. मोजलेला आणि मानलेला आकडा यांत २५ टक्क्यांची तफावत पडणे ही दुर्मीळ गोष्ट नाही.

२५ टक्के म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणावरून पाहावे. हिशेबाच्या सोयीसाठी एका मुलाच्या शरीराचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर धरू. हिमोग्लोबिन १२ ग्रॅम. फुप्फुसातून बाहेर पडणाऱ्या रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता ९७ टक्के, आत शिरणाऱ्याची ८५ टक्के. या आकड्यांवरून प्रत्येक लिटर रक्त फुप्फुसात सुमारे १९.६ मिलिलिटर ऑक्सिजन उचलते. फुप्फुसधमनीतला सरासरी दाब ६०, डाव्या कप्प्यातला १०; फरक ५०. सूत्र सांगते की मूल मिनिटाला १६० मिलिलिटर ऑक्सिजन घेत असावे. तर प्रवाह ८.२ लिटर आणि रोध ६.१ एकके.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी मुलांसाठी सुचवलेल्या मर्यादा अशा आहेत: क्षेत्रफळाशी जुळवून घेतलेला रोध ४ च्या खाली असेल तर छिद्र बंद करावे, ८ च्या वर असेल तर करू नये, मधल्या पट्ट्यात प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार अनुभवी केंद्रात व्हावा. आपल्या उदाहरणातले मूल मधल्या पट्ट्यात येते. पण त्याचा खरा ऑक्सिजन-खप २५ टक्क्यांनी कमी, म्हणजे १२० असेल, तर प्रवाह ६.१ लिटरवर येतो आणि रोध ८.२ होतो. खप २५ टक्क्यांनी जास्त, म्हणजे २०० असेल, तर प्रवाह १०.२ लिटर आणि रोध ४.९. दाब तोच, रक्ताचे नमुने तेच, मूलही तेच. केवळ एका न मोजलेल्या संख्येमुळे ते एकदा 'शस्त्रक्रियेस अपात्र' या रेषेपलीकडे जाते आणि एकदा 'बहुधा सुधारेल' या रेषेजवळ येते.

आणखी एक बारकावा विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. प्रवाह जितका जास्त, तितका आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक लहान. दोन मोठ्या संख्यांमधला लहान फरक मोजणे ही प्रयोगशाळेतली जुनी डोकेदुखी आहे. वरील उदाहरणात संपृक्ततेचा फरक १२ टक्क्यांचा आहे. एका नमुन्यात अवघ्या एका टक्क्याची चूक झाली, तरी प्रवाहात सुमारे ८ टक्क्यांची चूक शिरते. ज्या मुलांच्या फुप्फुसात सर्वाधिक रक्त जाते, त्यांच्याच बाबतीत ही पद्धत सर्वात डळमळीत असते.

येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो बरोबर आहे. फुप्फुसातला प्रवाह आणि शरीरातला प्रवाह यांचे केवळ गुणोत्तर काढायचे असेल, तर ऑक्सिजनचा खप वर-खाली दोन्हीकडे येऊन कटतो. तो माहीत असण्याची गरजच राहत नाही. दोन्ही रोधांच्या गुणोत्तराचेही तसेच. म्हणून जाणते हृदयतज्ज्ञ गुणोत्तरांवर अधिक विश्वास ठेवतात. परंतु शरीराचा रोध स्वतः स्थिर नसतो. भूल आणि औषधे यांनी तो सहज बदलतो. गुणोत्तर हा चांगला साक्षीदार आहे. मात्र त्याच्या एकट्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही.

हा प्रश्न भारतात अधिक तीव्र का, याचे उत्तर आकड्यांत आणि कालक्रमात आहे. देशात दरवर्षी जन्मजात हृदयदोष असलेली २ लाखांहून अधिक बालके जन्मतात, असा अंदाज आहे. सुविधा मुबलक असलेल्या देशांत मोठी छिद्रे पहिल्या वर्षातच बंद केली जातात. त्या वयात वाहिन्या सहसा बिघडलेल्या नसतात, त्यामुळे रोध मोजण्याचा प्रश्न क्वचितच कठीण होतो. भारतात अजूनही अनेक मुले दोन, पाच, कधी दहा वर्षांची झाल्यावर तज्ज्ञापर्यंत पोचतात. मधल्या पट्ट्यातली, संशयास्पद, 'करावे की करू नये' अशी प्रकरणे म्हणूनच येथे अधिक दिसतात. ज्या देशांत सूत्रे तयार झाली, तेथे त्यांची निकड कमी होत गेली. जेथे निकड आहे, तेथे सूत्रे उसनी आहेत.

मुले उशिरा पोचतात ही स्थिती बदलण्याचे प्रयत्न होत आहेत. २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासण्यांत जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे. केरळने २०१७ पासून 'हृद्यम्' या योजनेद्वारे नोंदणी ते शस्त्रक्रिया अशी साखळी उभी केली. या योजना जितक्या यशस्वी होतील, तितकी मुले लवकर सापडतील. पण त्याच योजनांमुळे आज वाड्यावस्त्यांवरची, वय वाढलेली, वजन कमी असलेली मुलेही प्रथमच कॅथ लॅबच्या दारापर्यंत येत आहेत. शोधून काढलेल्या मुलाला देशाने किमान नेमके मोजमाप तरी द्यायला हवे.

प्रत्यक्ष मोजण्यात अडचणी नाहीत असे नाही. ऑक्सिजनचा खप मोजायचा तर मुलाच्या डोक्यावर पारदर्शक आवरण ठेवावे लागते किंवा व्हेंटिलेटरला वायुमापक जोडावा लागतो. नळीभोवतून हवा निसटली तर मोजमाप बिघडते. श्वासाच्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण फार वाढवलेले असेल, तर आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या वायूतला फरक अचूक पकडणे कठीण होते. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात एका मुलामागे जादा वीस मिनिटे देणे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय अनुभवी डॉक्टर एकाच आकड्यावर विसंबत नाहीत. मूल किती निळसर पडते, छातीचे चित्र काय सांगते, हृदयाचा आकार केवढा आहे, ऑक्सिजन दिल्यावर दाब किती उतरतो, हे सारे ते जोखतात. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. चिकित्सकाची नजर जेथे स्पष्ट निर्णय देऊ शकते, तेथे आकड्याची गरज नसतेच. जेथे नजर अडखळते, नेमका तेथेच आकडा मागितला जातो. त्या जागी अंदाजाला मोजमापाचा पोशाख चढवणे धोक्याचे आहे. दशांश चिन्हानंतर एक अंक लिहिला की अंदाजही खात्रीसारखा दिसू लागतो.

कठीण परिस्थितीत मोजण्याची परंपरा या देशाला नवी नाही. १९६२ च्या युद्धानंतर हिमालयात झपाट्याने चढवलेल्या सैनिकांना विलक्षण धाप लागे, फुप्फुसात पाणी भरे. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला पर्वतीय आजारावरचा शोधनिबंध १९६९ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी एम्सचे सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या हृदयात नळी घालून घेतलेली मोजमापे प्रसिद्ध झाली. फुप्फुसधमनीतला दाब वाढलेला, पण डाव्या बाजूचा दाब प्राकृत, असे त्यांना आढळले. फुप्फुसात पाणी भरण्याचे कारण हृदयाच्या डाव्या बाजूच्या दुर्बलतेत नसून फुप्फुसाच्याच रक्तवाहिन्यांत आहे, हे समजण्यास अशा मोजमापांनी मोठा हातभार लावला. तेव्हाची उपकरणे आजच्या मानाने अगदी साधी होती. जे होते ते मोजण्याचा आग्रह.

तो आग्रह आज तीन ठिकाणी दिसायला हवा. पहिले ठिकाण अहवालाचे. फुप्फुसातील प्रवाह आणि रोध ज्या कागदावर लिहिला जातो, त्यावर ऑक्सिजनचा खप 'मोजलेला' की 'मानलेला', आणि मानलेला असल्यास कोणत्या सूत्राने, हे छापील रकान्यात नोंदवणे बंधनकारक असावे. त्याला एक पैसा खर्च येत नाही. सोबत त्रुटीची मर्यादाही लिहावी. 'रोध ६.१' असे वाचणारा आणि 'रोध ५ ते ८ च्या दरम्यान' असे वाचणारा डॉक्टर वेगळा विचार करतो, आणि पालकांशी वेगळे बोलतो.

दुसरे ठिकाण संदर्भमूल्यांचे. वय, वजन, हिमोग्लोबिन, भुलेचा प्रकार आणि वसतिस्थानाची उंची यांच्या नोंदींसह भारतीय मुलांच्या ऑक्सिजन-खपाची प्रत्यक्ष मोजमापे अनेक केंद्रांतून गोळा करून खुली करायला हवीत. लेहसारख्या ३,५०० मीटर उंचीवरच्या गावातील बाळ आणि चेन्नईतील बाळ यांना एकच परदेशी तक्ता लावणे शास्त्रीयदृष्ट्या टिकणारे नाही. मोजणारे उपकरणही देशात बनू शकते. वायूचा वेग आणि ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारे संवेदक, आणि त्यांचे नियमित प्रमाणीकरण, एवढाच त्याचा गाभा आहे. महासाथीच्या काळात व्हेंटिलेटर जुळवणाऱ्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना हे काम आवाक्याबाहेरचे नाही.

तिसरे ठिकाण एमआरआयचे, जेथून ही चर्चा सुरू झाली. चुंबकीय क्षेत्राच्या उतारावर सरकणाऱ्या प्रोटॉनची कला त्याच्या वेगाच्या प्रमाणात बदलते. हा कलाबदल फुप्फुसधमनीच्या आडव्या छेदातील प्रत्येक बिंदूवर मोजून बेरीज केली की प्रवाह थेट लिटरमध्ये मिळतो. ऑक्सिजनचा खप, हिमोग्लोबिन, संपृक्तता यांपैकी काहीही मानावे लागत नाही. कॅथेटरने दाब आणि एमआरआयने प्रवाह अशी जोडणी लंडनमधील संशोधकांनी २००० च्या दशकाच्या पूर्वार्धातच करून दाखवली. लहान बाळांना भूल द्यावी लागते, यंत्राच्या वेळा मिळत नाहीत, या मर्यादा आहेतच. पण देशी यंत्राच्या चाचण्यांचे निकष ठरत असतानाच त्यात प्रवाहमापनाची अचूकता समाविष्ट करणे, ज्ञात वेगाने पाणी वाहणाऱ्या नळ्यांवर ती तपासणे आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करणे हे आजच शक्य आहे. नंतर जोडलेल्या सुविधेला सहसा दुय्यम स्थान मिळते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच प्रयोगवहीत शिकवले जाते की जी राशी मोजली नाही, तिच्यापुढे 'गृहीत' असे लिहावे. वैद्यक हे प्रयोगशाळेपेक्षा अधिक घाईचे, अधिक अनिश्चित आणि अधिक जोखमीचे क्षेत्र आहे, आणि म्हणूनच या शिस्तीची गरज तेथे अधिक. मूल ऑपरेशन थिएटरच्या दाराशी असताना बाहेर बसलेले आईवडील वुड एकक म्हणजे काय हे जाणत नाहीत. त्यांच्या मुलाचा आकडा मोजलेला होता की मानलेला, हे विचारण्याचा हक्क त्यांना आहे. आणि ते न विचारताही उत्तर कागदावर लिहिलेले असावे, ही व्यवस्थेची जबाबदारी आहे.